बाहेर बसलेला वैशाख

खान्देशात उन्हाळा पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा येतो. शिमग्याच्या आधीच एक पाय उंबऱ्याच्या आत टाकतो आणि मृग लागला तरी त्याचं बिऱ्हाड हलत नाही. सन छत्तीसच्या अशाच एका उन्हाळ्यात, पारोळ्यापासून तीन कोसांवरच्या एका गावात, तानुबाई नावाची सून महिनाभर बाहेर बसली होती. बाहेर म्हणजे उन्हात नव्हे. बाहेर म्हणजे कावळा शिवलेली; चुलीला, पिण्याच्या पाण्याला, देवाला आणि वाळवणाला जिची सावलीही चालत नाही, तशी. पुढं तानुबाईनं पाच लेकरं वाढवली, विहिरीला पाणी लावलं, गावातल्या निम्म्या बायकांची बाळंतपणं उरकली. पण म्हाताऱ्या बायका तिची ओळख सांगायच्या ती एवढीच, की ही वैशाखभर बाहेर बसलेली. माणसानं जन्मभर काय काय केलं हे कुणाच्या लक्षात राहत नाही, काय केलं नाही ते मात्र बरोबर राहतं.

तानु त्या घरात आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. माहेर पहूरचं, म्हणजे बैलगाडीनं दोन दिवसांची वाट. नवरा पुना, स्वभावानं गरीब, हाडापेरानं मजबूत. सासरे तोताराम आबा दिवसभर ओट्यावर बसून पान खात, आणि घरात काय चाललंय हे त्यांना घरात काही पडलं तरच कळे. घर चालायचं ते सासूच्या आवाजावर. सासूचं नाव मंजुळाबाई होतं. हे नाव ठेवणाऱ्यानं बारशालाच ठेवलं असणार, पुढं आवाज ऐकून ठेवलेलं नाही.

मंजुळाबाई खोटं बोलत नसे. ही तिची ख्याती होती आणि तिचा सगळ्यांना त्रास होता. शेजारणीच्या भाजीत मीठ जास्त झालं तर ती तसं सांगायची, आणि मेलेल्या माणसाबद्दलही खरंच बोलायची. थोरलं घर तिचं, म्हणून श्रावणात कुळाची देवी कानबाई तिच्याच घरी बसायची, आणि सोवळंओवळं ती पाळायची ते सगळ्या भाऊबंदांच्या वतीनं.

तर अशा घरात तानुचं दोनदा वाया गेलं. दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात, दोन्ही वेळा वैशाखात. पहिल्या वेळी ती कुरडयांचा चीक हाटत होती. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा तो आंबूस वास, खाली जाळ, वर तापलेलं मातीचं धाबं. चुलीपुढं बसल्या जागी तिच्या डोळ्यांपुढं काजवे आले आणि पुढचं तिला आठवत नव्हतं. दुसऱ्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ न्यायला आला. खान्देशातली लेक आखाजीला माहेरी गेली नाही तर सासरच्यांची अब्रू जाते, म्हणून तानु गेली. गाडीवर छप्पर होतं, पण ऊन छपराला विचारून थोडंच आत येतं. वाटेतच एका बाभळीखाली गाडी सोडावी लागली. तिच्या भावानं, वनानं, डोकं धरून एवढंच म्हटलं की बाई, आधी सांगायचं तरी होतं.

पण सांगायचं नव्हतंच. तीन महिने होईपर्यंत पोटाची गोष्ट ओठावर आणू नये, दृष्ट लागते, हा नियम होता. आणि सांगितली असती तरी काय व्हायचं होतं? पोटुशी बाई जितकी वाकेल तितकी लवकर सुटेल, हाही नियमच होता. म्हणजे न सांगावं तर सगळी कामं करायची, आणि सांगावं तर तीच कामं कौतुकानं करायची. त्या घरात धडधाकट बाईला चुलीपासून सुटका मिळण्याचा मार्ग एकच होता. कावळा शिवणं. जिच्या पोटात काही नाही तिला चार दिवस विसावा, आणि जिच्या पोटात आहे तिला चूल, ही व्यवस्था ज्यानं कुणी लावली तो पुरुषच असला पाहिजे, असं तानुला पुष्कळ वर्षांनी वाटलं. तेव्हा तिला एवढंच वाटलं होतं की तिसऱ्यांदा वाया गेलं तर आपण जगणार नाही.

त्या साली धुळवडीच्या सकाळी पुना गाडीबैल घेऊन धुळ्याकडं सडकेच्या कामावर गेला. खडी वाहायची होती, मृगापर्यंत मुक्काम. धुळं काही लंका नव्हे, पण मुकादम सुटी द्यायचा नाही. तो गेला आणि बारा-पंधरा दिवसांत तानुला कळलं की आपली पाळी चुकलीय. सकाळी कळण्याच्या भाकरीचा वास आला की पोटातलं सगळं गळ्याशी येई. पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती धाब्यावर ज्वारी वाळत घालायला चढली. पायाखालची माती तव्यासारखी होती. बोरी नदीचं पात्र लांबून पांढरंफट दिसत होतं, आणि वाऱ्याची झळ अशी आली की तोंडावर कुणी भट्टीचं दार उघडावं. तिनं पोटावर हात ठेवला. चैत्रच लागायचा होता. पुढं अख्खा वैशाख होता.

ती खाली उतरली, आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, मी बाहेर बठनू."

मंजुळाबाईचा हात जात्यावर थांबला. "पाडवाना आगला दिनच भेटना का तुले?" ती म्हणाली. मग तिनं सुनेकडं न बघता तोंड फिरवलं. दोन वर्षं तिचे डोळे या एकाच गोष्टीवर लागले होते, आणि सुनेनं महिन्याच्या महिन्याला येऊन हे सांगावं, याचं तिला खरंच दुःख झालं. तानुला ते दिसलं. आपण एका म्हातारीची आशा मोडतोय आणि तीही खोटं बोलून, याची तिला लाज वाटली. पण लाजेनं पोट थंड होत नाही.

बाहेर बसायची जागा म्हणजे गोठ्यामागची कोठडी. घरातली सगळ्यात हलकी जागा, म्हणून तिच्याकडं कुणी कधी नीट बघितलंच नव्हतं. तिच्या मातीच्या भिंती हातभर जाड होत्या. एका भिंतीला बाहेरून गुरांच्या पाण्याचा हौद टेकलेला, त्यामुळं ती भिंत बाराही महिने ओली. वर कडबा रचलेला, दारात निंब. घरातली मोठी माणसं ओसरीवर घामानं निथळत, ओले पंचे डोक्याला गुंडाळून उन्हाला शिव्या देत पडायची. आणि अपवित्र ठरलेली बाई घरातल्या एकुलत्या एका थंड जागेत, ओल्या भिंतीला पाठ लावून बसायची. तानुनं पदर ओला करून पोटावर ठेवला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा निवांत झोपली.

पण मंजुळाबाई बघणारी होती. बाहेर बसलेल्या बाईची फडकी गोठ्यामागं, निवडुंगाच्या आड वाळत पडायची, आणि तिकडं जाता-येता सासूची नजर जायची. फडकी कोरी असून चालणार नव्हतं. तानुला एक गोष्ट ठाऊक होती: कात आणि चुना एकत्र झाले की रंगतं. तोताराम आबांची पानाची चंची ओट्यावरच पडलेली असायची. आबा दुपारी लवंडले की चंचीतला काताचा खडा थोडा थोडा झिजू लागला. फडकं कात-चुना कालवलेल्या पाण्यात बुडवायचं, मग धुवायचं. डाग जेवढा राहायला हवा तेवढाच राहायचा. आबा मात्र हैराण झाले. "या घरमा उंदरंबी पान खावाले लागनात," असं ते चारदा म्हणाले. नंतर त्यांनी आपल्या चुलत भावावर संशय घेतला आणि त्याच्याशी बोलणं टाकलं.

चैत्र असा निभला. चार दिवसांनी तानुनं डोक्यावरून पाणी घेतलं आणि ती चुलीपुढं आली. चैत्राचं ऊन तिनं कांदा पदरात बांधून, ताक पिऊन, पहाटेच स्वयंपाक उरकून कसंबसं काढलं. वैशाख लागला तशी आखाजी आली, आणि वना गाडी घेऊन बहिणीला न्यायला दारात उभा राहिला. त्याच सकाळी तानु पुन्हा बाहेर बसली. वनाला ओसरीवरूनच निरोप मिळाला. गोठ्याच्या कोपऱ्याशी उभं राहून तो म्हणाला, "माय वाट देखी ऱ्हायनी ना वं." तानुनं दाराआडून सांगितलं की मायले म्हणावं, पुढच्या आखाजीला येईन. गाडी वळल्यावर ती रडली. माहेरच्या लिंबाला झोके बांधलेले असतील, तिच्या वयाच्या पोरी गौराईची गाणी म्हणत असतील, हे तिला कोठडीत बसूनही ऐकू येत होतं.

चार दिवस झाले. तिनं पाणी घेतलं नाही. पाच, सहा, आठ. घरात वाळवणाची घाई. मंजुळाबाई साठीला टेकलेली बाई, एकटीच पहाटे उठून बिबड्यांचं, ज्वारीच्या पापडांचं, पीठ शिजवत होती, धाब्यावर चढत होती, उतरत होती, आणि दर पायरीला सुनेच्या नावानं बोटं मोडत होती. "थांबतच नही," एवढंच तानु आतून सांगे. नवव्या दिवशी मंजुळाबाई भाऊबंदकीतल्या कमलबाईला घेऊन पारोळ्याला लीलाधर वैद्याकडं गेली. कमलबाई म्हणजे नात्यानं धाकटी जाऊ. दुसऱ्याच्या घरातली दुखणी तिला आपल्या घरातल्या सणांसारखी वाटत.

वैद्यानं रोगी बघितलाच नाही. बघायची रीत नव्हती आणि त्याला गरजही वाटली नाही. त्यानं डोळे मिटून निदान केलं: अंगात उष्णता वाढलीय, म्हणून रक्त थांबत नाही. मग त्यानं पथ्य सांगितलं. चुलीपुढं बसायचं नाही. उन्हात पाय टाकायचा नाही. ओझं उचलायचं नाही. सकाळी गुलकंद, दुपारी वाळ्याचं पाणी, संध्याकाळी दुधात सब्जा, आणि थंड जागेत निजून राहायचं. तानुला जे जे हवं होतं आणि जे मागायला तिला जन्मभर तोंड झालं नसतं, ते सगळं वैद्यानं एका श्वासात लिहून दिलं. पोट राहिलंय म्हणून सांगितलं असतं तर त्याच घरात तिला भाकरीवर तेल घालून मिळालं असतं, एवढंच.

मंजुळाबाईनं पथ्य पाळलं. कुरकुरत पाळलं, पण काटेकोर पाळलं; अर्धवट काही करणं तिच्या रक्तात नव्हतं. दुपारच्या त्या जाळात ती स्वतः वाळ्याचं पाणी घेऊन यायची, चार हातांवर लोटा ठेवायची आणि म्हणायची, "पी. मन्हं हाड झिजाले लागनं, पन तू पी." तानु लोटा उचलायची तेव्हा सासूच्या गळ्यावर घामोळं लाल झालेलं दिसायचं. तिला वाटायचं, सांगून टाकावं. मग तिला बाभळीखालची गाडी आठवायची आणि ती पाणी पिऊन टाकायची.

याच दिवसांत कमलबाईनं अमळनेरकडची एक मुलगी सुचवली. गोरी, उंच, आणि तिच्या आईला सात लेकरं. मंजुळाबाई एके दिवशी गाडी जुंपून जाऊन बघूनही आली. कोठडीसमोर उभं राहून तिनं ते सुनेला सांगितलं, कारण लपवणं तिला जमत नव्हतं. "पोर चांगली शे. मृगले पुना येई, मंग बोलसूत. तुले टाकनार नही, दोन्ही ऱ्हासात." पोटात जीव होता आणि तोंडावर बोट होतं, आणि तिच्याच सवतीचं वर्णन ती गुलकंद खात ऐकत होती.

ज्येष्ठ लागला आणि तिसरा महिना सरला. त्या दिवशी तानुनं डोक्यावरून पाणी घेतलं. कोठडीतून ती बाहेर आली ती गालावर तुकतुकी घेऊन. सगळं गाव उन्हानं करपलं होतं आणि ही महिनाभर आजारी असलेली बाई तेवढी टवटवीत. लीलाधर वैद्याचं नाव चार गावांत झालं.

मृगाला पुना आला. तानुनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं फक्त विचारलं, "आबास्ना कात?" आणि तो हसत सुटला. आईला लगेच सांगतो म्हणाला. तानुनं त्याला थांबवलं. मीच सांगते, नीट सांगते, म्हणाली. आणि आषाढात तिनं सासूला लाजत लाजत सांगितलं की मला दिवस गेलेत. किती गेले ते सांगितलं नाही. मंजुळाबाईनं अमळनेरला निरोप धाडला की मुलीचं दुसरीकडं बघा. वैद्याला नारळ गेला. मंजुळाबाई त्या दिवशी हळू आवाजात बोलत होती, तर आबांनी ओट्यावरून विचारलं की घरात कुणी आजारी आहे का.

तानुनं उन्हाळ्याचा विचार अगदी बारीक केला होता. पुढचा केला नव्हता. तिच्या डोक्यात वैशाख ओलांडणं एवढंच होतं. पलीकडं गेलं की सगळं आपोआप सुरळीत होईल, असं तिनं धरलं होतं. पण पोट हे काही चंचीतल्या कातासारखं लपवता येत नाही. श्रावण लागला तेव्हा महिना-दीड महिन्याचं म्हणून सगळ्यांनी धरलेलं पोट पाच महिन्यांचं दिसत होतं. एका सकाळी विहिरीवर घागर उचलताना तिनं बघितलं की कमलबाई तिच्या पोटाकडं बघत बोटांची पेरं मोजतेय. शिमगा, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. पुना धुळवडीला गेला तो मृगाला आला. आणि मधल्या काळात ही सून दोनदा बाहेर बसली, त्यातली एकदा महिनाभर, सगळ्या गावादेखत. म्हणजे एक तर बसणं खोटं, नाहीतर पोट खोटं. या दोहोंतलं गावाला काय रुचेल, हे सांगायला वैद्य लागत नाही.

आपण जो आडोसा केला त्यानंच आता लेकराचा बाप पुसला, हे तानुला तिथं घागरीशी कळलं. पुना साक्ष देईल, पण नवऱ्याची साक्ष अशा वेळी कुणी धरत नाही; लोक त्याला बिचारा म्हणतात आणि आणखी हसतात. गावानं मानायचं तर एकाच माणसाचं मानलं असतं. जी कधी खोटं बोलत नाही, तिचं.

त्या दुपारी मंजुळाबाई कानबाईसाठी देवघर सारवत होती. रविवारी कानबाई बसायची होती. तानु उंबऱ्याबाहेर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. पाडव्याच्या आदल्या दिवसापासून, काहीही न वगळता. सासूचा शेणामातीचा हात जमिनीवर फिरत होता तो मध्येच थांबला आणि थांबूनच राहिला.

मंजुळाबाई म्हणाली, "फडकास्ले काय लावं व्हतं?"

"आबास्ना कात."

मंजुळाबाई उठली, हात धुतले, आणि चार दिवस सुनेशी एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर तानुला बरं वाटलं असतं. सासूनं धाब्यावर चढून वाळवलेल्या एकेका बिबडीचा, आणून ठेवलेल्या एकेका लोट्याचा राग तिच्या पाठीवर दिसत होता. अमळनेरची मुलगी अजून बिनलग्नाची होती, हेही तानुला ठाऊक होतं. चार दिवस ती पोटावर हात ठेवून घरात वावरली आणि कुणी मोठ्यानं भांडं ठेवलं तरी दचकली.

कानबाईच्या रोटांना, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांना, गहू मोजायची एक रीत आहे. भाऊबंदातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू. म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत, पुरुष असला की त्याची मूठ. बाईची मूठ नसते. देवी बाई आहे, मोजणारी बाई, दळणारी बाई, थापणारी बाई. मूठ तेवढी पुरुषाची. आणि ते रोट खायचे फक्त भाऊबंदांनी. रक्तातल्याच माणसांनी. परक्याच्या तोंडी त्याचा कण जाऊ द्यायचा नाही, म्हणून उरलेलंही पुरतात. ज्याची मूठ पडली तो आपला, ज्याची नाही पडली तो नाही. भाऊबंदकीत याहून मोठा कागद नव्हता.

शुक्रवारी सकाळी थोरल्या घरात सगळ्या बायका जमल्या. नव्या सुपात गहू. मंजुळाबाई न्हाऊन, ओल्या केसांनी, सुपाशी बसली. तानु मागं, भिंतीला टेकून. मंजुळाबाई नाव घेई, सव्वा मूठ पाटीत टाकी. तोताराम. पुना. चिंधा. कमलबाईचा नवरा, त्याचे दोन मुलगे, मागच्या महिन्यात झालेला नातू. सतरा नावं झाली. दरवर्षी सतरावर किंवा अठरावर हात थांबायचा, नातवंडांच्या हिशेबानं.

हात थांबला तसं कमलबाईनं घसा साफ केला. "अक्का," ती गोड आवाजात म्हणाली, "सूननं पोट कितला महिनानं शे?"

"पाचवा सरना," मंजुळाबाई म्हणाली.

बायकांच्या बांगड्या थांबल्या. "पाचवा?" कमलबाई म्हणाली. "पन पुना ते धुळवडले गया व्हता. आन् ती चैतमा बाहेर बठेल व्हती, वैशाखमा बठेल व्हती. मी स्वता तुन्हासंगे वैद्याकडे उनू."

मंजुळाबाईनं उजवा हात गव्हात मनगटापर्यंत बुडवला. कानबाईच्या गव्हात हात असताना खोटं बोलणाऱ्याचं काय होतं हे त्या घरातल्या लहान पोरालाही पाठ होतं.

"मीच बठाडी व्हती तिले," ती म्हणाली, तिच्या नेहमीच्या, ओसरीपलीकडं जाणाऱ्या आवाजात. "होळीना आगेच मले ठाऊक व्हतं. उनमा, चूलपुढे, दोन येळे मन्ह्या नातवंडं वाया गयात. तिसरी येळे मी जाऊ देती का? लोकेस्नी दृष्ट नको म्हनीसन बठाडी. वैद्यालेबी मीच खोटं सांगं."

होळीच्या आधी तर तानुलाही ठाऊक नव्हतं. पण मंजुळाबाईला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळं प्रमाण कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा बोलली ती एकदम तीन-चार बोलली, तीही देवीच्या गव्हात हात घालून, आणि तिच्यावर विश्वास ठेवण्यावाचून कुणाला गत्यंतर नव्हतं. मग तिनं गव्हातला हात वर काढला. मूठ भरलेली होती. ती तिनं पाटीत टाकली, वर पाव मूठ टाकली आणि म्हणाली, "हाई पुनाना लेकरूनी."

मागं भिंतीशी तानुनं पदर तोंडात कोंबला. रडू आलं तरी कानबाईच्या गव्हापुढं रडायचं नसतं.

दिवाळी झाल्यावर तानु बाळंत झाली. नऊ महिने पुरे भरलेलं, धट्टंकट्टं लेकरू. मुलगी. कमलबाई सगळ्यात आधी बघायला आली, अंगड्याचं टोक वर करून खात्री केली आणि हळहळली. "मूठ वाया गयी ना अक्का."

मंजुळाबाई नातीच्या टाळूवर तेल थापत होती. "वाया कसाले जाई? कानबाईबी बाईच शे," ती म्हणाली. पुढच्या श्रावणात तिनं त्या मुलीची मूठ पुन्हा टाकली, त्याच्या पुढच्या श्रावणातही. गव्हात हात घातलेल्या मंजुळाबाईला हटकायचं धाडस भाऊबंदात उरलं नव्हतं.

त्यानंतरच्या चैत्रातली गोष्ट. ऊन आपल्या वेळेवर आलं होतं. मुलगी ओसरीवर दुडुदुडु चालत तोताराम आबांची चंची ओढत होती. तानु चुलीपुढं बसली होती. भाकरी तव्यावर टाकली आणि वासानं तिला मळमळलं. तिनं तोंड फिरवलं, पदर नाकाला लावला, आणि कुणी बघितलं नाही असं समजून पुन्हा पिठात हात घातला. पाळी चुकून तीनच दिवस झाले होते. पुनालाही तिनं सांगितलं नव्हतं.

मंजुळाबाई दारात उभी होती. तिनं येऊन सुनेच्या हातातली परात ओढून घेतली.

"ऊठ," ती म्हणाली. "तुले कावळा शिवना."

"नही आत्याबाई, मी ते..."

"शिवना म्हनी ऱ्हायनू ना. जाय, मांगली कोठडीमा जाईसन बठ. बठ्ठा वैशाख तठेच ऱ्हा."

तानु उठली. घोंगडी उचलून ती दारापर्यंत गेली, तेव्हा मंजुळाबाईनं कनवटीची गाठ सोडून कागदात गुंडाळलेलं काहीतरी चार हात लांबून तिच्या पुढ्यात टाकलं. रीतीप्रमाणं, शिवू न देता.

"आन् यंदा आबास्ना कात चोरू नको," ती चुलीपुढं बसत म्हणाली. "मी येगळा आनी ठेयेल शे."